कवच, गांडीव आणि सूत्रधाराचा अधिकार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराशी निगडित आख्यायिका लवणासुराच्या वधाने संपते. परंतु तिचा निर्णायक क्षण वधाच्या आधीच येऊन गेलेला असतो. भूमिगत निवासात दडलेल्या या असुराचे खरे संरक्षण त्या निवासावरील झाकणात आहे. दैत्यसूदन नामक सुंदर तरुणाचे रूप घेतलेला विष्णू असुराच्या बहिणींकडून ते स्थान काढून घेतो आणि पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून देतो. त्यानंतरचे युद्ध केवळ औपचारिक आहे. असुराला पूर्वसूचना मिळत नाही, निवडीची संधीही मिळत नाही. आणि श्रोत्याला यात काही खटकत नाही, कारण श्रोता असुराच्या जागी उभाच राहत नाही. तो राहिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कथनमीमांसेने फारसा विचारलेला नाही. तो विचारला गेला एका खेळाच्या संदर्भात.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून खेळायच्या या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो, तर उरलेले सर्व जग, म्हणजे शत्रू, हवामान आणि दैवदेखील, एका व्यक्तीच्या हाती असते. तिला येथे सूत्रधार म्हणणे सोयीचे आहे, जरी संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावनेनंतर बाजूला होतो आणि हा शेवटपर्यंत बसून राहतो. अनेक महिने खेळून मिळवलेली तलवार अथवा चिलखत या सूत्रधाराने नष्ट करावे काय, हा त्या खेळातील जुना वाद. वरवर तो क्रीडानियमांचा वाटतो. वस्तुतः तो निवेदकाच्या अधिकाराचा आहे.

आरंभीच्या काळात या प्रश्नाचे उत्तर निःसंकोच होते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत लोखंड गंजवून खाणारा एक प्राणी अवतरला. स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यावरून सुचलेला हा जीव माणसाला इजा करीत नाही. त्याच्या मिशांचा स्पर्श होताच चिलखताचा गंज होतो, एवढेच. तरीही मोठमोठ्या राक्षसांपेक्षा खेळाडू त्यालाच अधिक भीत आले आहेत. १९७९ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत कोणत्या आघाताने कोणती वस्तू टिकेल याचे कोष्टकच दिलेले होते. हा खेळ युद्धखेळांतून जन्मला होता, आणि युद्धात सामग्री खर्च व्हायचीच, ही धारणा त्यामागे होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तोच प्राणी आहे, मात्र त्याचा गंज केवळ सामान्य धातूला बाधतो, मंत्रसिद्ध वस्तूंना नाही. चाळीस वर्षांत खेळाडूची ठेव नियमांच्या संरक्षणाखाली आली. ही प्रगती मानावी की माघार?

महाभारताकडे वळल्यास या प्रश्नाचे दोन वेगळे पदर दिसतात. पहिला कर्णाच्या कवचकुंडलांचा. वनपर्वातील कुंडलाहरणाचा प्रसंग बहुधा इंद्राचे कपट म्हणून सांगितला जातो, आणि शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’नंतर (१९६७) मराठी वाचकाची सहानुभूतीही त्याच दिशेने वाहत आली आहे. (त्याच वर्षीच्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी ही सहानुभूती जाणीवपूर्वक आवरली, हे येथे विसरता येत नाही.) परंतु प्रसंगाची रचना लक्षपूर्वक पाहिली तर कपट त्यात दुय्यम ठरते. सूर्य कर्णाला स्वप्नात आधीच सावध करतो. याचक कोण आहे, हे कर्णाला ठाऊक आहे. ठाऊक असून तो देतो, आणि देताना मोबदल्यात अमोघ शक्ती मागून घेतो. शरीरापासून कवच कापून काढल्यामुळे त्याला ‘वैकर्तन’ हे नाव लाभते. कवच असलेला कर्ण सुरक्षित होता. वैकर्तन हे नाव मात्र कवच गेल्यानेच आले. येथे वस्तूचा नाश पात्राच्या घडणीत विरघळून जातो. एकदाच वापरता येणारी ती शक्ती पुढे अर्जुनाऐवजी घटोत्कचावर खर्ची पडते, आणि घटोत्कच पडल्यावर कृष्णाला आनंद होतो. एका वस्तूच्या जाण्यातून सुरू झालेली कारणपरंपरा द्रोणपर्वातील रात्रियुद्धापर्यंत सुटत नाही. असा नाश करणाऱ्या निवेदकाने काही हिरावून घेतले, असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा पदर गांडीवाचा. ते धनुष्य अर्जुनासाठी केवळ शस्त्र नाही. ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी त्याची प्रतिज्ञा असते. कर्णपर्वात युधिष्ठिर रागाच्या भरात नेमके तेच बोलतो आणि अर्जुन वडीलभावावर शस्त्र उगारायला निघतो. कृष्णाने मध्ये पडून अनर्थ टाळला. मालकीची ही पराकाष्ठा दाखवल्यानंतर संहिता अर्जुनाला मौसलपर्वात आणते. तेथे द्वारकेच्या स्त्रियांना नेत असताना आभीर चालून येतात. गांडीव महत्प्रयासाने सज्ज होते, अस्त्रे आठवत नाहीत, बाण संपतात. धनुष्य मोडत नाही, निकामी होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी ते वरुणाला परत करण्यास सांगतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. खांडवदाहाच्या वेळी अग्नीच्याच मध्यस्थीने ते मिळाले होते, ही आठवण तेव्हा वाचकाला होते. ती ठेव उसनी होती. गंजखाऊ प्राण्याच्या स्पर्शात नेमके याचेच वैगुण्य आहे: त्याच्यामागे देणारा नाही, परतीचा संकेत नाही, केवळ सूत्रधाराची लहर आहे.

तथापि महाकाव्याचा दाखला खेळाला सरळ लागू होत नाही. कर्ण व्यासांशी वाद घालू शकत नाही. खेळाडू सूत्रधाराशी घालू शकतो, कारण तो एकाच वेळी पात्र आहे, श्रोता आहे आणि काही अंशी सहकर्ताही आहे. आख्यान ऐकणाऱ्याला कवच जाणार हे आधीच ठाऊक असते आणि त्याचा रस त्या ठाऊक असण्यातच असतो. खेळाडूला ते ठाऊक नसते. म्हणून त्याच्यासाठी कुंडलाहरणापेक्षा सभापर्वातील द्यूत अधिक जवळचे आहे. तेथे द्रौपदीने विचारलेला प्रश्न फाशांच्या न्यायाविषयी नव्हता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की तिला, आणि स्वतःवरचे स्वामित्व गमावलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असा तो होता. भीष्मांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. सूत्रधार जेव्हा खेळाडूची तलवार संकटात घालतो, तेव्हा तो दुसऱ्याची ठेव पणाला लावत असतो. त्याचे स्वतःचे काहीच पणाला नसते. हा असमतोल कोष्टकाने मिटत नाही, फाशांनी तर नाहीच, कारण कोणत्या प्रसंगी फासे टाकायचे हे त्यानेच ठरवलेले असते.

यावरून नाश वर्ज्य ठरत नाही. २०१४ च्या नियमांनी दिलेल्या अभयामुळे मंत्रसिद्ध तलवार जमाखर्चाच्या वहीतील नोंदीसारखी झाली. जिला काही होऊ शकत नाही अशा वस्तूची कथा सांगता येत नाही. सूत्रधाराला वस्तू घेण्याचा अधिकार मिळतो तो सूर्याच्या स्वप्नातून, म्हणजे खेळाडूला धोका दिसेल, मागे फिरता येईल आणि मोबदला मागता येईल अशी जागा त्याने आधी निर्माण केली असेल तर. लवणासुराच्या कथेत ती जागा नाही. तेथील असुराला बोलण्याची पाळीच आलेली नाही, आणि दूरवरच्या ज्या टेकडीला आख्यायिका उडालेले झाकण मानते, तिच्याकडेही कोणी त्याच्या बाजूने पाहिलेले नाही.