प्रदेश आणि बालपण : लोइस लेन्स्की यांची ‘स्ट्रॉबेरी गर्ल’
अमेरिकेतील निरनिराळ्या प्रदेशांतील बालजीवन रेखाटणाऱ्या लोइस लेन्स्की यांच्या मालेतील ‘स्ट्रॉबेरी गर्ल’ (१९४५) ह्या पुस्तकास १९४६ चे न्यूबेरी पदक लाभले. चित्रेही लेखिकेचीच. फ्लॉरिडातील बोयर कुटुंब मळ्यास कुंपण घालते आणि मोकाट गुरे राखणाऱ्या स्लेटरांशी त्याचे वैर जडते. येथे प्रदेश म्हणजे केवळ पोशाखाचा व बोलीचा देखावा नव्हे. जमिनीचा वापरच मुलांच्या मैत्रीआड येतो, हे लेखिकेचे खरे यश होय. शेवट मात्र पटत नाही. मद्यपी स्लेटर धर्मोपदेशकाच्या प्रभावाने पालटतो आणि वैर ओसरते. वस्तुतः गुरे आवरण्याचे बंधन फ्लॉरिडात राज्यभर आले ते १९४९ च्या कायद्याने. दोन उपजीविकांमधील संघर्ष एका माणसाच्या हृदयपालटावर सोपविल्यामुळे बालवाचकास दिलासा मिळतो खरा; परंतु पिके तुडविली जाण्याचे कारण स्लेटरचे मद्यपान हेच होते, असा त्याचा सहज समज होतो.