ठिपका बरोबर, कोळी दुसराच

माळ्यावर किंवा जिन्याखाली काटकुळ्या पायांनी उलटा लटकणारा कोळी तुम्ही पाहिलाच असेल. इंग्रजीत त्याला तळघरातला कोळी म्हणतात. आपल्याकडे तळघरं कमी, माळेच जास्त! त्याच फोल्सिडी कुळात आर्टेमा हा मोठ्या अंगाच्या कोळ्यांचा जीनस येतो. अहरोन, हूबर आणि गविश-रेगेव यांनी २०१७ मध्ये त्याची फेरतपासणी छापली. संग्रहालयातल्या नोंदींवरून प्रसाराचा नकाशा काढायचा विचार असेल, तर आधी हा पेपर वाचा.

तिघांनी नुसत्या जुन्या याद्या जोडल्या नाहीत. नमुने हातात घेऊन नराचे पाल्प, जबडे, मादीचं जननांग तपासलं. त्यातून आर्टेमा डोरिए ही थोरेलने १८८१ मध्ये वर्णिलेली जाती पुन्हा उभी राहिली. मधल्या काळात ती आर्टेमा अटलांटामध्येच विलीन केलेली होती. म्हणजे एका नावाखाली दोन जाती नांदत होत्या.

आता जीबीआयएफवरून अटलांटाच्या नोंदी उतरवून घ्या. एखाद्या संग्रहालयात २०१७ नंतर ती बाटली कोणी उघडलीच नसेल, तर नाव जुनंच राहणार. कोऑर्डिनेटक्लीनर समुद्रातले ठिपके पकडतं, शून्य-शून्यवरचे पकडतं, संग्रहालयाच्या पत्त्यावर पडलेलेही पकडतं. पण जागा अचूक आणि कोळी भलताच असेल, तर त्याला काय कळणार? म्हणून ‘डेटा क्लीन केला’ एवढं एकच वाक्य मेथड्समध्ये दिसलं की मला तो नकाशा पटत नाही. ओळख कोणी केली, कोणत्या साली केली, हे दोन रकाने आधी उघडा. रिकामे असतील तर संग्रहालयाला पत्र लिहून फोटो मागवा, आणि पिल्लू असेल तर ती नोंद सरळ सोडा.

जागेचंही तसंच. लेबलवर फक्त ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ असेल तर? १९३६ पर्यंत सिंधसुद्धा त्यात होता. अशा नोंदीला मधोमध ठिपका देऊन अनिश्चिततेचा रकाना कोरा ठेवणं म्हणजे चक्क थाप आहे.

एक मर्यादा मात्र या पद्धतीचीच आहे. अटलांटा माणसांच्या सामानाबरोबर उष्ण प्रदेशांत दूरवर पसरलाय. बंदरातल्या गोदामात सापडलेला नमुना ओळखीला पक्का असला, तरी तो तिथलाच की पेटीतून आलेला, हे पाल्प बघून कळत नाही. त्यात मॅक्सेंटला आपण वर्ल्डक्लिमचं बाहेरचं तापमान देतो, आणि कोळी बसलाय छपराखाली.