‘टिंकर, टेलर’ : एक पुनर्दर्शन

बी. बी. सी.च्या दुसऱ्या वाहिनीवर १९७९ सालच्या सप्टेंबरांत ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही हेरकथेची मालिका सुरू झाली व सात आठवड्यांत, सात भागांनीं, ती संपली. जॉन ल कारे ह्यांची त्याच नांवाची कादंबरी १९७४ सालची. तिला नाट्यरूप दिलें आर्थर हॉपक्राफ्ट ह्यांनीं, आणि दिग्दर्शन केलें जॉन अर्विन ह्यांनीं. ती आम्हीं पूर्वी एकदां पाहिली होती. ह्या पावसाळ्यांत तिच्या तबकड्या घरीं आणून, रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर एक भाग, ह्या क्रमानें ती पुन: पाहिली. पहिल्या वेळीं अपराधी कोण हें आम्ही शोधीत होतों. ह्या वेळीं तो कोण हें पक्कें ठाऊक असून पाहत होतों. सांगावयाचें तें हें कीं, खरी मालिका आम्हांस दुसऱ्या वेळींच दिसली.

पुढें जें लिहावयाचें आहे तें अपराध्याचें नांव घेतल्यावांचून लिहितां येत नाहीं. ज्या वाचकांनीं ही मालिका पाहिलेली नाहीं, व ज्यांस कोड्याचा आनंद गमवावयाचा नाहीं, त्यांनीं हीं पानें तूर्त उलटून पुढें जावें. आम्हांस मुळींच राग येणार नाहीं.

हेरकथा म्हटली कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें वेषांतर, पाठलाग आणि ऐन वेळीं पिस्तूल रोखणारा हात येतो. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ ह्यांवर ज्यांचें बाळपण पोसलें, त्यांस ह्या मालिकेंत आरंभीं कंटाळाच यावयाचा. हिच्यांत माणसें बसतात, चहा पितात, जुनीं कागदपत्रें चाळतात व एकमेकांशीं अतिशय सभ्यपणें बोलतात. लंडनच्या केंब्रिज सर्कस नांवाच्या चौकाजवळ ब्रिटिश गुप्तहेरखात्याचें ठाणें आहे, म्हणून त्या खात्याला हे लोक ‘सर्कस’ म्हणतात. त्या सर्कशीच्या अगदीं माथ्यावरचा कोणी एक इसम कित्येक वर्षें मॉस्कोला फितूर आहे. तो कोण, हें शोधून काढण्याचें काम सेवेंतून घालवून दिलेल्या जॉर्ज स्मायली नांवाच्या वयस्क गृहस्थाकडे येतें. कथानक एवढेंच.

पहिल्या भागाचा पहिलाच प्रवेश पाहा. एक खोली, एक मेज. चार माणसें एकामागून एक आंत येतात व आपापल्या जागीं बसतात. कोणी बोलत नाहीं. पर्सी ॲलेलाइन पुढारीपणाच्या तोऱ्यांत बसतो. आणि सर्वांच्या शेवटीं बिल हेडन हातांत चहाचा पेला घेऊन येतो, पेल्यावर बशी झांकणासारखी ठेविलेली. मग ॲलेलाइन काम सुरू करण्याची आज्ञा देतो, आणि प्रवेश संपतो. पहिल्या वेळीं हा प्रवेश आम्हांस ओळखपरेडीसारखा वाटला होता. आतां मात्र आमचा डोळा त्या बशीवरून हलेना. शेवटीं येऊनहि ज्याला कोणी जाब विचारीत नाहीं, ज्याच्या रंगेलपणाचें सर्वांस मनांतून कौतुक आहे, तोच तो घरभेदी! इअन रिचर्डसन ह्यांनीं हेडन असा रंगविला आहे कीं त्यानें आपलेंहि मन जिंकावें. आणि तें जिंकलें जातें हेंच तर फितुरीचें सर्व रहस्य आहे. आमच्या लोकोक्तींत घरभेद्याला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हटलें कीं काम भागतें. परंतु पिसाळ जर आपला सर्वांत आवडता, सर्वांत बुद्धिमान असा मित्र असेल, तर?

आलेक गिनेस ह्यांच्या स्मायलीविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं आणखी कांहीं लिहावें असें वाटत नाहीं. पण न लिहून राहवतहि नाहीं. तेव्हां त्यांचें वय पासष्ट वर्षांचें होतें. भूमिकेच्या तयारीसाठीं त्यांनीं ब्रिटिश गुप्तहेरखात्याचे निवृत्त प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड ह्यांच्याबरोबर भोजन केलें होतें; ती भेट ल कारे ह्यांनीं घडवून आणिली होती. आमचे नट बोलून अभिनय करितात, गिनेस ऐकून अभिनय करितात. पहिल्या भागांत रॉडी मार्टिंडेल नांवाचा एक वाचाळ इसम स्मायलीला जेवणाच्या मेजावर पकडून सर्कशींतल्या कुचाळक्या ऐकवितो, तो प्रसंग पाहावा. लग्नकार्यांत असा एकादा दूरचा नातलग आपणां प्रत्येकाला गांठतो, आणि आपली सुटका नसते. स्मायली एक अक्षर वांकडें बोलत नाहीं. तो चष्मा काढतो, पुसतो, पुन: चढवितो, पण त्या निमूट चेहऱ्यावर बायकोनें केलेली प्रतारणा, गेलेली नोकरी आणि उतारवयांतला एकटेपणा हें सारें उमटून जातें.

ज्या प्रवेशाशीं आम्ही तबकडी थांबवून तो दोनदां पाहिला, तो निराळाच. ऑक्सफर्डला राहणारी कॉनी सॅक्स ही एके काळीं सर्कशीची चालती बोलती दफ्तरखाना होती. सोव्हिएत वकिलातींतल्या पॉलिआकोव्ह नामक इसमाविषयीं तिनें खरी शंका घेतली, म्हणून तिला घरीं बसविण्यांत आलें. बेरिल रीड ह्या नटीनें एकाच दीर्घ प्रवेशांत ही बाई उभी केली आहे. ती हंसते, रडते, जुन्या सोबत्यांची नांवें लाडानें घेते. आणि मग म्हणते कीं हीं सारीं बिचारीं पोरें साम्राज्य चालविण्यासाठीं घडविलेलीं, आणि तें साम्राज्यच राहिलें नाहीं. इंग्लंडांतील प्रेक्षकाचा कंठ येथें दाटून येत असेल. आमचा आला नाहीं. ज्या साम्राज्याच्या अस्तासाठीं आमच्या आजोबांनीं तुरुंग भोगला, त्या अस्ताचा शोक आम्हीं कोणत्या तोंडानें करावा? आणि तरीहि हा शोक समजून घेतल्यावांचून हेडनची फितुरी समजत नाहीं. त्याचें अखेरचें म्हणणें हेंच आहे कीं जगाच्या व्यवहारांत इंग्लंडला आतां कांहीं किंमत उरलेली नाहीं. राज्य करण्यासाठीं वाढविलेल्या माणसाला राज्यच उरलें नाहीं, तेव्हां त्यानें दुसऱ्याचें राज्य पत्करलें. हें समर्थन आम्हांस पटत नाहीं. पण भारतीय प्रेक्षकाला त्यांतील पोकळी अधिक स्पष्ट दिसते, असें आम्हांस वाटतें. साम्राज्य गमावलेले लक्षावधि इंग्रज कोणालाहि न विकतां आपापल्या कामाला लागलेच कीं!

शेवटचा भाग २२ ऑक्टोबर १९७९ रोजीं दाखविण्यांत आला. पुढें महिनाहि लोटला नाहीं, तों १५ नोव्हेंबरला पंतप्रधान मार्गारेट थॅचर ह्यांनीं पार्लमेंटांत सांगितलें कीं राणीच्या चित्रसंग्रहाचे एके काळचे अधिकारी व कलेतिहासाचे नामांकित पंडित अँथनी ब्लंट हे सोव्हिएत हेर होते. कादंबरींतला हेडन हा चित्रें रंगविणारा! ल कारे ह्यांस ही गोष्ट सुचली ती मात्र मुख्यत: किम फिल्बीवरून, तो हेरखात्यांतला बडा अधिकारी १९६३ सालीं मॉस्कोस पळून गेला होता.

परंतु देशद्रोह हा ह्या मालिकेचा खरा विषय नव्हे. मित्रद्रोह हा आहे. जिम प्रिडो हा हेडनचा जिवलग. त्याला चेकोस्लोव्हाकियांत एका गुप्त कामगिरीवर धाडतात, तेथें आधींच सापळा लावलेला असतो, आणि त्याच्या पाठींत गोळी बसते. पुढें तो इंग्लंडांत परत येऊन एका खेड्यांतल्या मुलांच्या शाळेंत शिक्षक होतो, मैदानाच्या कडेला एका फिरत्या घरांत राहतो, आणि रोच नांवाचा एक एकलकोंडा, जाडा मुलगा त्याच्यावर जीव लावतो. पहिल्या वेळीं हे शाळेचे प्रवेश आम्हांस विषयांतर वाटले होते. आतां वाटतें, मालिकेचें काळीज तेथेंच आहे. कारण, आपल्याला कोणीं विकलें हें जिमला मनांतून ठाऊक असावें, आणि तें स्वत:शीं कबूल करावयाचें नाहीं म्हणूनच तो त्या आडगांवीं दडला असावा, हें इअन बॅनन ह्यांच्या प्रत्येक हालचालींत आम्हांस दुसऱ्या वेळीं दिसलें. अखेर तो आपल्याच हातांनीं हेडनची मान मोडतो. त्या क्षणीं सूड कमी दिसतो, प्रेम अधिक.

येथें आम्हांस राहून राहून ‘मुद्राराक्षस’ नाटक आठवत होतें. विशाखदत्ताचा चाणक्य रणांगणावर जिंकत नाहीं. राक्षसाच्या पत्नीच्या बोटांतून गळलेली मुद्रा त्याच्या हेराला सांपडते, आणि तेवढ्यावर तो सारा डाव रचतो. शेवटीं चंदनदास ह्या मित्राचे प्राण वांचविण्यासाठीं राक्षस आपण होऊन शरण येतो. शत्रूचें प्रेम कोठें गुंतलें आहे हें पाहावें आणि तेथें फांस टाकावा, ही ती नीति. मॉस्कोचा हेरप्रमुख कार्ला हा चाणक्याचाच चेला म्हणावा. दिल्लीच्या तुरुंगांत स्मायली त्याला प्रथम भेटतो, त्याला फोडूं पाहतो, आणि बोलतां बोलतां आपलें स्वत:चेंच गुपित, म्हणजे ॲनवरील आपलें प्रेम, उघडें करून बसतो. ह्या प्रवेशांत पॅट्रिक स्टुअर्ट ह्यांच्या कार्लाच्या तोंडीं एक शब्दहि नाहीं. जातांना तो स्मायलीचा लायटर, ॲननें प्रेमानें दिलेला, घेऊन जातो. पुढें त्याच ॲनकडे हेडनला धाडलें जातें. हेतु हा कीं, स्मायलीनें हेडनवर संशय घेतलाच, तर तो लोकांस नवऱ्याचा मत्सर वाटावा. मुद्रा पत्नीच्या हातची आणि लायटरहि पत्नीच्या हातचा! ल कारे ह्यांनीं संस्कृत नाटक वाचलें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. फांस जुना आहे एवढेंच म्हणतों.

आणि ह्याचा दुसरा अंक १९८२ सालच्या ‘स्मायलीज पीपल’ ह्या सहा भागांच्या मालिकेंत आहे. तेथें स्मायली तोच फांस कार्लाच्या गळ्यांत टाकतो. स्विट्झर्लंडमधील रुग्णालयांत लपवून ठेविलेल्या मुलीपायीं कार्ला शरण येतो. बर्लिनच्या सीमेवर तो लायटर जमिनीवर पडतो. स्मायली तो उचलीत नाहीं. विशाखदत्ताच्या नाटकांत चाणक्याचा जय हा सोहळा आहे, राक्षसाला मंत्रिपद मिळतें व सर्वांचें कल्याण होतें. येथें सोबती जय झाल्याचें बोलून दाखवितो, आणि स्मायलीला तें कसेंबसें कबूल करावें लागतें. आपण ज्याला जिंकलें त्याच्यासारखेच झालों, हें ज्याला कळलें त्यानें लायटर उचलून काय करावें?

दोष नाहींत असें नाहीं. दुसऱ्या भागांतील रिकी टार ह्या दुय्यम हेराची लिस्बनमधील प्रेमकथा लांबली आहे. कादंबरींत ती हाँगकाँगला घडते. टोबी एस्टरहेज हें पात्र ह्या मालिकेंत इंग्रजाहूनहि इंग्रज बोलतें आणि पुढच्या मालिकेंत त्याच नटाच्या तोंडून ठसठशीत हंगेरियन हेल निघतो. मधल्या तीन वर्षांत टोबीला काय झालें तें देव जाणे! २०११ सालीं टोमास आल्फ्रेडसन ह्यांनीं ह्याच कथेचा चित्रपट केला. तो देखणा आहे, आणि गॅरी ओल्डमन ह्यांचा स्मायलीहि चांगला आहे. परंतु दोन तासांच्या धांदलींत संशय वाढतो, मैत्री वाढत नाहीं, आणि जी मैत्री वाढली नाहीं तिचा द्रोह तो काय बोंचणार?

घेणाऱ्यांस एक सूचना. अमेरिकेंतील प्रदर्शनासाठीं ह्या मालिकेची कापाकापी करून सहा भाग करण्यांत आले, व कांहीं प्रवेशांचा क्रमहि बदलला. तबकड्यांची पेटी विकत घेतांना भाग सात आहेत ना, एवढें पाहून घ्यावें. आणि प्रत्येक भाग संपल्यावर नामावळीबरोबर एका मुलाच्या आवाजांतलें जें प्रार्थनागीत लागतें, त्याचें संगीत जेफ्री बर्गन ह्यांचें आहे; तें ऐकून होईपर्यंत दिवा लावूं नये. आमच्या घरीं तो पहिल्या रात्रीं लावला गेला. दुसऱ्या रात्रीपासून कोणी जागेवरून उठलें नाहीं.