गर्दीत बिभीषण सापडेल का?

पावसाळ्यात किनारपट्टीवरची यक्षगान मंडळं बंगळूरला येतात. ‘देवी महात्मे’चा प्रयोग असेल तर महिषासुर थेट प्रेक्षकांच्या मधून, मशालींच्या उजेडात, आरोळ्या ठोकत रंगमंचाकडे निघतो. तांदळाचं पीठ आणि चुना यांच्या काटेरी ठिपक्यांनी त्याचा चेहरा मढवलेला असतो, आणि त्या रंगकामाला काही तास लागतात. राक्षसांच्या या भूमिकांना ‘बण्णद वेष’ म्हणतात आणि त्या पेलायला कसलेला नट लागतो. हा चेहरा जगातल्या कुठल्याही जमातीचा नाही. कोकणातल्या दशावतारातला काळ्या वेषातला, लाल जिभेचा संकासुरही असाच कुणाचा नसलेला आणि म्हणून सगळ्यांचा आहे.

याच शहरातल्या चित्रपटगृहांनी 2015 मध्ये ‘बाहुबली’तले कालकेय पाहिले. काळे रंगवलेले हजारो योद्धे, विस्कटलेले केस, किळसवाणे दात. त्यांच्यासाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची भाषासुद्धा रचली. भाषा रचली, पण त्या भाषेत शहाणपणाचं एक वाक्य बोलणारा कालकेय पडद्यावर आला नाही. महाभारतातले कालकेय दानव आहेत. ते समुद्रात लपून बसतात म्हणून अगस्त्यांना समुद्र प्यावा लागतो. चित्रपटाने नाव ठेवलं आणि दानवांच्या जागी ‘रानटी टोळी’ बसवली. हे रूप पुराणातून आलेलं नाही. ते वसाहतकाळातल्या साहसकथांतून आलं आहे.

आपल्या अद्भुतकथेचं आजचं दुखणं या दोन राक्षसांमधल्या अंतरात आहे. पुराणातला राक्षस ही व्यक्ती असते. तिला कुळ असतं, तप असतं, वर असतो, युक्तिवाद असतो. देव आणि दैत्य एकाच कश्यपाची मुलं. रावण पुलस्त्याचा नातू. भांडण भावकीतलं आहे, त्यामुळे बाजू बदलता येते. प्रल्हाद दैत्याघरी जन्मतो, बिभीषण लंकेतून निघून येतो, हिडिंबेचा मुलगा पांडवांसाठी मरतो. आधुनिक अद्भुतकथेने या व्यक्तीची गर्दी केली, आणि गर्दीला चेहरा द्यायचा म्हणून शेजारच्या, परक्या, काळ्या किंवा चपट्या नाकाच्या माणसाचा चेहरा दिला. जन्मानेच दुष्ट असलेल्या जमातीत बिभीषण होऊच शकत नाही.

ही गर्दी पाश्चात्त्य कथेत कशी घडली, ते टोल्कीनच्या अद्भुतकथांतल्या ऑर्क या राक्षसी जमातीवरून कळतं. 1958 मधल्या एका पत्रात टोल्कीनने ऑर्कांचं वर्णन करताना चपटी नाकं, पिवळट कातडी, तिरपे डोळे आणि मंगोल वळण यांचा आधार घेतला. याच लेखकाने 1938 मध्ये आर्यवंशाचा दाखला मागणाऱ्या जर्मन प्रकाशकाला सणसणीत उत्तर लिहिलं होतं. वंशवादाची चीड आणि वंशवादी प्रतिमेची सवय एकाच मनात राहू शकतात, हे त्यातून दिसतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या कंपनीने 2020 मध्ये मान्य केलं की आपल्या ऑर्क आणि ड्राऊ या काल्पनिक जमाती खऱ्या समाजांवर मारलेल्या शिक्क्यांची आठवण करून देतात; 2022 च्या अखेरीस खेळाच्या नियमांतून ‘वंश’ ही संज्ञा काढायचं ठरलं. उर्सुला ले ग्विनने मात्र 1968 मध्येच आपल्या अद्भुतकथेत नायक तांबूस-सावळा आणि स्वारी करून येणारे लोक गोरे दाखवले होते.

आपल्याकडे या प्रतिमांची वाट कॉमिक्समधून गेली, आणि त्या वाटेवर बंगळूर आहे. इंडिया बुक हाउसच्या इथल्या शाखेतून जी. के. अनंतराम यांनी 1965 च्या सुमारास परदेशी परीकथांची कन्नड कॉमिक्स काढली; त्या यशावर पुढे अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ उभी राहिली. पहिले दहा अंक परीकथांचे होते, अकरावा ‘कृष्ण’, चित्रकार राम वाईरकर. पै त्याआधी इंद्रजाल कॉमिक्सशी संबंधित होते. तिथला वेताळ (फँटम) म्हणजे डेंकालीच्या जंगलात काळ्या टोळ्यांचा सांभाळ करणारा गोरा वीर. अमर चित्र कथेने पिढ्यान् पिढ्यांना पुराणं दिली, हे ऋण मोठं आहे. पण देवांना निळा किंवा गोरा रंग आणि असुरांना गडद तपकिरी कातडी, जाड ओठ, पसरट नाक ही वाटणीही तिनेच घट्ट केली; अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आहे. मूळ कथांत राम, कृष्ण, द्रौपदी सावळे आहेत. चित्रांत आणि मालिकांत द्रौपदी बहुधा गोरीच भेटते.

हे वर्तुळ ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ (2023) मध्ये पूर्ण झालं. रावणाची दाढी, सुरमा आणि केशरचना पाहून हा लंकापती की मध्ययुगीन आक्रमक, असा प्रश्न प्रेक्षकांनी विचारला. त्याहून गंभीर गोष्ट सैन्याची होती. रावणाच्या घरातली माणसं माणसांसारखी, सैन्य मात्र करड्या-काळ्या, संगणकाने घडवलेल्या हिंस्र प्राण्यांचं. हॉलिवूडचे ऑर्क लंकेत नोकरीला लागले. राजघराण्याला चेहरा आणि प्रजेला पशुत्व, या वाटणीत वंशाबरोबर वर्गही आहे.

लिखित साहित्य पडद्याच्या पुष्कळ पुढे आहे. मराठीत तर याची पायाभरणी केव्हाच झाली. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (1873) बळीराजाला हरवलेल्यांचा राजा म्हणून उभं केलं. इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकल्या. कवटीच्या मापांचा वंशाशी संबंध जुळतो हे गृहीतक त्यांच्या प्रबंधातल्या मोजमापांत टिकलं नाही. त्याच बाईंनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या आगीकडे पाहताना जळणाऱ्यांची बाजू मोजली. बंगळूरमध्ये राहून लिहिणाऱ्या गिरीश कार्नाडांच्या ‘अग्नी मत्तु मळे’त वृत्रासुराचा मुखवटा घातलेला नट मुखवट्याच्याच ताब्यात जातो, ब्रह्मराक्षस मुक्तीची भीक मागतो आणि नाटकातलं सगळ्यात निर्मळ माणूस ठरते शिकारी जमातीतली नित्तिलै. याच शहरातल्या संहिता अर्णी यांच्या ‘द मिसिंग क्वीन’ (2013) मध्ये एक पत्रकार सीतेचा माग काढते, तेव्हा हरलेली लंका हा जखमी देश म्हणून समोर येतो.

लोकप्रिय कादंबऱ्यांचा हिशेब संमिश्र आहे. अमीश यांचे नाग आधी शारीरिक व्यंगामुळे भयंकर वाटतात आणि कादंबरीमालेच्या दुसऱ्या भागात तो समज मोडतो. क्लृप्ती चांगली आहे, पण वाचकाचा पूर्वग्रह वापरूनच ती चालते. आनंद नीलकंठन यांची ‘असुर’ (2012) रावणाची बाजू मांडताना आर्य-द्रविड वंशकथेचाच आधार घेते, म्हणजे खलनायक बदलतो आणि वंशाची चौकट शाबूत राहते. तरीही तिच्यात एक मोठी गोष्ट आहे. रावणाबरोबर दुसरा निवेदक आहे भद्र, सैन्यातला एक सामान्य असुर. गर्दीतला एक माणूस बोलू लागला की ती गर्दी उरत नाही.

कथेतल्या राक्षसाच्या नाकाची एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी म्हणेल. बंगळूरकडे याचं उत्तर आहे. ऑगस्ट 2012 मध्ये अफवा पसरल्या आणि ईशान्य भारतातले हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्यांत कोंबून शहर सोडून गेले. 2016 मध्ये एका सुदानी चालकाच्या गाडीने अपघात झाला आणि जमावाने संबंध नसलेल्या टांझानियाच्या विद्यार्थिनीवर हल्ला केला. या घटना कॉमिक्सने घडवल्या, असं म्हणणं बाष्कळपणाचं होईल. पण एकाच्या गुन्ह्याचा हिशेब त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कुणाकडूनही वसूल करायचा, हे गणित जमाव आणि अशा कथा सारखंच मांडतात.

म्हणून खलनायकाचा रंग उजळवून भागणार नाही. अद्भुतकथेला दुष्टावा हवाच; गुळगुळीत, निरुपद्रवी राक्षस कुणाला वाचायचा आहे? कसोटी एवढीच की शत्रूच्या सैन्यात एखादा तरी असा असावा जो नकार देऊ शकतो, वाद घालू शकतो, पळून येऊ शकतो. या कसोटीवर आजचा पडदा सपशेल नापास आहे आणि पुस्तकं काठावर पास. फुले आणि कर्वे यांचा वारसा हाताशी असलेल्या मराठीने तर काठावर समाधान मानू नये. आपल्या कुमारांच्या हाती अद्भुतकथा बहुतेक अनुवादातून येते, ऑर्कांसकट. बळीच्या बाजूने विचार करायला दीडशे वर्षांपूर्वी शिकलेल्या भाषेने स्वतःचे राक्षस स्वतः लिहायला हवेत, आणि त्यांना नावं द्यायला हवीत.