टाळ्यांनंतरचा तास

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ मोहिमेतील 'विक्रम' चंद्रावर अलगद उतरले. २०२४ पासून हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. शाळेत कार्यक्रम करायचा तर त्या थेट प्रक्षेपणाची चित्रफीत दाखवणे सर्वांत सोपे. मुले पाहतात, टाळ्या वाजवतात आणि पुढचा तास सुरू होतो. पाठ्यपुस्तकातील धड्याचे आपण जसे परीक्षण करतो, तसे या चित्रफितीचेही करायला हवे. अध्यापनाचे साधन म्हणून ती कितपत उपयोगी आहे?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलांच्या उत्साहाला नावे ठेवण्यात काही अर्थ नाही. विज्ञानाची गोडी बहुधा अशाच एखाद्या प्रसंगाने लागते. माझी तक्रार आहे ती, हा उत्साह टाळ्यांपाशीच थांबू देणाऱ्या आपणा मोठ्यांविषयी.

चित्रफितीतील सर्वांत आकर्षक भाग म्हणजे चंद्रभूमीकडे झेपावणारे यान. परंतु हे यान बाहेरून दिसते कसे? शेजारून छायाचित्रण कोण करत होते? अर्थात कोणीच नाही. ते संगणकाने रेखाटलेले चित्र आहे. यानाच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने उतरताना टिपलेली दृश्ये दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली आणि 'प्रज्ञान' या बग्गीने समोरून काढलेले विक्रमचे छायाचित्र ३० ऑगस्टला आले. चित्र आणि छायाचित्र, कल्पना आणि पुरावा यांतील हा फरक मुलांना सांगितला नाही, तर आपण त्यांना विज्ञानाऐवजी चित्रपट दाखवला असे होईल. एखाद्या मुलाने हा प्रश्न आपण होऊन विचारलाच, तर त्या दिवसाचे बक्षीस त्याला द्यावे.

खरा धडा पडद्यावरच्या आलेखात आणि आकड्यांत आहे. यानाने कोणत्या मार्गाने उतरावे याची रेषा आधीच आखलेली असते. प्रत्यक्ष यानाकडून येणाऱ्या माहितीनुसार एक ठिपका त्या रेषेवरून सरकत जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ उतरत असताना हाच ठिपका रेषेपासून ढळला आणि नंतर थांबला. २०२३ मध्ये तो शेवटपर्यंत रेषेवर राहिला. हे दोन आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत. अपयशाचा अभ्यास म्हणजे काय, हे त्यातून चांगले समजते.

आता आकडे पाहू. उतरण्यास प्रारंभ झाला तेव्हा यान सुमारे ३० किलोमीटर उंचीवर होते आणि त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १,६८० मीटर होता. हा वेग १९ मिनिटांत, म्हणजे १,१४० सेकंदांत जवळजवळ शून्यावर आणायचा होता. भागाकार केला तर प्रत्येक सेकंदाला सरासरी दीड मीटर प्रतिसेकंद इतका वेग घटला असे दिसते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने येणारी एस. टी. १० सेकंदांत थांबली, तर तिचा वेगही याच दराने घटतो! फरक एवढाच, की एस. टी.ला रस्त्याचे घर्षण मिळते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नाही. सारे काम इंजिनांनीच, तेही १९ मिनिटे करायचे. शिवाय यानाचा संदेश पृथ्वीवर पोहोचायला सुमारे सव्वा सेकंद आणि उत्तर परत जायला तितकाच वेळ लागतो. म्हणून त्या काळातले निर्णय यानावरील संगणकच घेत होता. नियंत्रण कक्षातील शास्त्रज्ञही तेव्हा आपल्यासारखेच श्वास रोखून पाहत होते. नववीच्या गणिताने एवढे समजते.

चित्रफितीत एक मोठी उणीव आहे. तिच्यात आकाशातला चंद्र नाही. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती. यान उतरत होते तेव्हा महाराष्ट्रातून पाहिल्यास चंद्र दक्षिणेला चांगला वर आलेला होता. श्रावणातले ढग आड आले नसतील तिथे खिडकीबाहेर डोकावले तरी तो दिसला असता. आपण सारे मात्र पडद्याकडे पाहत होतो. त्याच्या प्रकाशित व अंधाऱ्या भागांमधील सीमा म्हणजे तिथली सूर्योदयाची रेषा. विक्रमच्या जागी सूर्य नुकताच क्षितिजाच्या थोडा वर आला होता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यानाला जवळजवळ पंधरवड्याचा दिवस पूर्ण वापरता यावा, म्हणून ही तारीख. या मुहूर्ताचे कारण चंद्राच्या कलेत आहे, आणि ती तर बालपणापासून आपल्या ओळखीची आहे.

आणखी एक दुरुस्ती. 'भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरला' असे वाक्य फलकांवर आजही दिसते. यान उतरले ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. चंद्रावर एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. २१ अंशांचे ६३० किलोमीटर होतात. पुण्याहून नागपूर सरळ रेषेत जवळपास इतकेच दूर आहे. पुण्यात उतरून कोणी नागपूर गाठल्याचे सांगत नाही. तोपर्यंत दक्षिणेकडे इतक्या दूर कोणाचेही यान अलगद उतरले नव्हते, हे श्रेय खरे आहे आणि पुरेसे आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही.

हौशी आकाशदर्शनाचीही हीच गत होते. मुले रांगेत उभी राहतात, दुर्बिणीतून शनीची कडी क्षणभर पाहतात आणि घरी जातात. पाहण्याचे निरीक्षण होते ते नोंद केल्यावर. राधागोविंद चंद्र हे जेसोर (आता बांगलादेशात) येथील सरकारी खजिन्यात नोकरी करत. शालेय शिक्षण जेमतेम, हाताशी तीन इंची दुर्बीण. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा त्यांनी टिपला. पुढे रूपविकारी ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी त्यांनी अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. शास्त्रज्ञांनी त्या वापरल्या. त्यांचाही प्रारंभ हौसेनेच झाला होता.

तेव्हा येत्या २३ ऑगस्टला चित्रफीत अवश्य दाखवावी, पण आलेखावर थांबवून. टाळ्या झाल्यावर प्रत्येकाला एक वही द्यावी आणि महिनाभर रोज ठरलेल्या वेळी चंद्र कुठे व कसा दिसला ते लिहायला सांगावे. ढग असतील तर 'ढग' असे लिहावे. तीही एक नोंदच आहे.