बायको, नवरा आणि यादवी

फराळाच्या ताटाशेजारी कत्तलीची कथा ठेवतो आहे. गृहिणींनी आधीच क्षमा करावी. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही १९४० सालची कादंबरी मी कॉलेजात वाचली ती रॉबर्ट जॉर्डन आणि मारिया यांच्या प्रेमासाठी. पूल उडतो की नाही, एवढीच तेव्हा धाकधूक. परवा पुन्हा हाती घेतली आणि दहाव्या प्रकरणापाशी अडलो.

स्पेनमधल्या यादवीचा (१९३६–३९) आरंभ. प्रजासत्ताकवाद्यांनी गाव घेतले आहे. नगरभवनात कोंडलेल्या फॅसिस्टांना एकेक करून बाहेर काढायचे, दुतर्फा उभ्या गावकऱ्यांनी दांडक्यांनी झोडपायचे आणि शेवटी कड्यावरून नदीत लोटायचे. हे सांगणारी पिलार त्याच पक्षाची. हेमिंग्वेही प्रजासत्ताकाचे कैवारी. स्पेनमध्ये लढून आलेल्या अ‍ॅल्व्हा बेसी यांनी या कादंबरीवर कठोर टीका केली. पहिल्या वाचनात मीही म्हटले होते, आपल्याच माणसांची लक्तरे का मांडावीत?

आता मला डॉन गिलेर्मो दिसतो. चष्मेवाला, साधा दुकानदार. झोडपायची दांडकी त्याच्याच दुकानातली! तो फॅसिस्ट झाला त्याचे एक कारण बायकोची धर्मनिष्ठा; तिच्यावरील प्रेमापोटी ती त्याने आपली मानली. ती सज्ज्यातून हाका मारते आहे आणि हा तिच्या दिशेने पाहतो आहे, पण डोळ्यांना नीट दिसत नाही.

पुढे मारिया आपली हकीकत सांगते. दुसऱ्या पक्षाने तिच्या वडिलांना, गावच्या महापौरांना, खाटिकखान्याच्या भिंतीशी गोळ्या घातल्या. आई प्रजासत्ताकवादी नव्हती. मरताना तिने जयजयकार केला तो नवऱ्याचा. एक बायकोपायी मेला, एक नवऱ्यापायी. मारणाऱ्यांच्या यादीत मात्र दोघांचे पक्ष पक्के!

दोष नाही असे नाही. मारियाची विटंबना, तिच्याच वेण्या कापून तिच्या तोंडात कोंबणे, हे सारे प्रियकराच्या कुशीत सांगितले जाते आणि त्याच्या सांत्वनात बोथट होते. पिलारचा पल्ला तिथे नाही. तीन दिवसांनी फॅसिस्टांनी गाव घेतले तो दिवस याहून वाईट होता, एवढेच पिलार म्हणते. तो ऐकायला मारियाच तयार नाही.

कत्तलीच्या रात्री पिलारला झोप येत नाही. चौकात चांदणे आहे, कारंज्याचे पाणी वाजते आहे, आणि सज्ज्यात गुडघे टेकून डॉन गिलेर्मोची बायको रडते आहे.