‘धर्मांध’ : एका शब्दाची मर्यादा

टोकाच्या असहिष्णुतेसाठी मराठीत ‘धर्मांध’ हा शब्द रुळला आहे. मदांध, कामांध यांच्याच घडणीचा हा तृतीया तत्पुरुष : धर्माने आंधळा झालेला. या घडणीतच एक उणीव आहे, असे आम्हांस वाटते. अंधत्व हा कोणाचा अपराध नव्हे. शिवाय ज्याला आपण धर्मांध म्हणतो, त्याची नजर परक्याच्या दोषांबाबत फार तीक्ष्ण असते.

आपल्या शेजारभाषांनी याच वृत्तीला निरनिराळ्या बाजूंनी हात घातला आहे. बेळगावकरांच्या कानांवर पडणारा कन्नड ‘मतांध’ आपल्याच वळणाचा आहे. बडोद्यात ‘धर्मझनून’ म्हणतात. त्यातील झनून म्हणजे मुळात वेड. हैदराबादेतील उर्दूचा ‘तअस्सुब’ मात्र वेगळा : त्याचा अरबी धातू ‘बांधणे’ या अर्थाचा, म्हणून त्यात टोळीने एकवटण्याचा भाव आहे. आम्हांस हा शब्द अधिक नेमका वाटतो. कारण असहिष्णुता एकट्याने क्वचितच पोसली जाते.

वेड वा अंधत्व म्हटले की जबाबदारी सैल होते. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि १७७४ ते १७७८ हा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. ते वेड्यांचे काम नव्हते. त्याला न्यायासन होते, नियम होते, दप्तर होते. १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने लोकांनी आपली बोली सोडावी, असे फर्मान काढले. धर्मापासून निघालेली सक्ती भाषेपर्यंत पोहोचली, ती अशी डोळसपणे.

दुसरा शब्द ‘कट्टर’. पूर्वी तो वैऱ्याच्या मागे शोभे. आता लोक तो बिरुदासारखा मिरवतात. धर्मांध नेहमी दुसरा, कट्टर मात्र आपण, अशी ही सोयीची वाटणी आहे. सीमाभागात भाषेच्या वादातही तीच दिसते : आपली ती निष्ठा, समोरच्याची ती अंधता.

मराठीजवळ यापेक्षा न्याय्य जोडी आहे : आग्रह आणि दुराग्रह. पंगतीत आग्रह करणारा पाहुण्याने पानावर आडवा धरलेला हात पाहून थांबतो. दुराग्रही थांबत नाही. हे माप आपल्याला आणि परक्याला सारखेच लागते. परभाषिकांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या घरांनी तरी शब्द वापरताना ते प्रथम स्वतःला लावून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.